मायनस वीस

भिगवणला पक्षी बघायला जायचं ते हिवाळ्यात, असं सगळे सांगतात. मी एप्रिलअखेर गेलो. कुंभारगावच्या एका नावाड्याने फोनवर कळवलं होतं, "सर, धरण मायनस वीसला आलंय. आता या, पक्षी जवळून दिसतील." आवाजात खुशी होती. त्याच आठवड्यात खाली सोलापूरकडे हाच मायनस वीसचा आकडा ऐकून लोक टाक्या भरून ठेवत होते.

उजनी धरणाची टक्केवारी मायनसमध्ये जाते म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागतो. काठ मागे हटतो, गाळ उघडा पडतो आणि उरलेल्या गुडघाभर पाण्यात रोहित पक्ष्यांची पंगत बसते.

नावाड्याने इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने होडी रेटू लागला. गाळ ढवळला की शेवाळाचा आणि मेलेल्या चिलापीचा मिसळलेला वास भसकन वर येतो. घरी आल्यावर दोनदा धुतलेल्या शर्टालाही तो येत होता.

"थेट जायचं नाय. तिरकं जायचं, दुसरीकडंच निघालोय असं दाखवायचं." त्याची नजर पक्ष्यांच्या रंगावर नव्हती, मानांवर होती. चोची पाण्यात असेपर्यंत बांबू चालायचा. दोन-चार माना वर आल्या की थांबायचा. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. त्या गाळून घेतलेल्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग चढतो. कोवळी पिल्लं राखाडीच असतात. अलीकडच्या बाजूला चित्रबलाक, केशरी तोंडाचे, शेपटीशी गुलाल सांडल्यासारखे. अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवत राहायचे. मासा लागला की ती खटकन मिटायची.

शेजारच्या होडीतल्या पाहुण्यांना मात्र रोहितांच्या पंखांखालचा लाल-काळा रंग फोटोत हवा होता. "उडवा की!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. थवा उठला. दिसायला देखणा, यात वाद नाही. पण या मंडळींना निसर्गप्रेमी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमचा नावाडी बांबू गाळात रोवून नुसता बघत राहिला. "भर उन्हात उपाशी उठवलं," एवढंच बोलला.

परतताना त्याने उघड्या पडलेल्या गाळातला एक दगडी बांध दाखवला. आजोबांचं रान. मायनस वीसला बांध दिसतो, म्हणाला. त्याचा भाऊ काठावर मोटर पुढे ओढत होता. पाणी हटेल तसा पाइप वाढवावा लागतो, केबलही.

"अजून उतरलं तर पक्षी आणखी जवळ येतील?" मी विचारलं.

"येतील की. पण मायनस तीसला होडीच टेकती, सर. तुम्ही चालत जाल. मग मला कोण इचारतंय?"