एका भिंतीआड 80 मालक

दिजाँ शहरातून दक्षिणेकडे निघणारा डी-974 हा रस्ता धरला की उजव्या हाताला एक लांबलचक, बेताच्या उंचीची टेकडी सोबत चालू लागते. रस्ता आणि टेकडीचा माथा यांच्यामधल्या चिंचोळ्या उतारावर जगातल्या सर्वांत महागड्या वाइनची द्राक्षं पिकतात. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली ही ‘कोत दोर’. लांबी सुमारे 50 किलोमीटर, रुंदी मात्र बऱ्याच ठिकाणी दोन किलोमीटरही भरत नाही. थोडं पुढे गेल्यावर वूजो नावाचं गाव लागतं आणि रस्त्याला लागूनच एक जुनी दगडी भिंत दिसते. भिंतीच्या आत सुमारे 50 हेक्टरची, म्हणजे सव्वाशे एकरांची एकसंध द्राक्षबाग आहे, ‘क्लो द वूजो’. बाग एकसंध दिसते खरी, पण तिला आज 80च्या आसपास मालक आहेत. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड एकर येतो.

ही बाग उभी केली सितोच्या मठातल्या साधूंनी. मठाची स्थापना 1098ची. बाराव्या शतकात दानात मिळालेले आणि विकत घेतलेले तुकडे जोडत त्यांनी जमीन वाढवली, पुढे सगळ्याला भिंत घातली आणि राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त होईपर्यंत, म्हणजे सहाशेहून अधिक वर्षं, ती एकहाती कसली. साधूंना घाई नव्हती आणि वारसही नव्हते, त्यामुळे वाटण्या झाल्या नाहीत. कुठल्या पट्ट्यातली द्राक्षं आधी पिकतात, कुठे पाणी साचतं, कुठे कडाका आधी पडतो, हे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात नोंदलं गेलं. साधू भिंतीच्या आतही तीन वेगळ्या वाइन करत. वरच्या भागातली पोपसाठी, मधली बिशपांसाठी आणि खालची स्वतःसाठी, असं सांगतात. ही आख्यायिका आहे. पण ती रचणाऱ्याला उतार नीट ठाऊक होता, एवढं नक्की.

कारण सगळी मेख उतारातच आहे. टेकडीचा गाभा ज्युरासिक काळातल्या चुनखडीचा आहे. कधीकाळी इथे उथळ, उबदार समुद्र होता. बागेच्या वरच्या कडेला मातीचा थर पातळ, खडेच जास्त, आणि हात-दीड हात खणलं की खडक लागतो. मध्यावर माती थोडी जाड होते, पण निचरा उत्तम राहतो. खाली रस्त्याच्या बाजूला मात्र हजारो वर्षांच्या पावसाने वाहून आणलेली चिकण माती साठली आहे. आपले बागायतदार तिला सरळ ‘भारी जमीन’ म्हणतील. पाऊस झाला की तिथे पाणी धरून राहतं. वेल जोमदार वाढते, पानोळा वाढतो, मणी टपोरे होतात आणि रस पातळ होतो. टेबलावर खायच्या द्राक्षाला मोठा मणी भाव मिळवून देतो. वाइनला तो नको असतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून मणी जेवढा लहान, तेवढी रसाच्या मानाने साल जास्त.

आणखी एक गोष्ट. या बागांना पाणी द्यायला कायद्याने परवानगी नाही. नाशिकच्या बागेत ठिबकची तोटी फिरवून शेतकरी जमिनीची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. वूजोत तशी सोय नाही. जो पाऊस पडेल तो, आणि तो जमीन जेवढा राखेल तेवढा. त्यामुळे पन्नास पावलांवर माती बदलली की वाइन बदलते. उत्पादनालाही लगाम आहे: या बागेच्या तांबड्या वाइनसाठी हेक्टरी साधारण साडेतीन हजार लिटरची मर्यादा, आणि वेली हेक्टरी दहा हजारांच्या घरात. हिशेब केला तर एका वेलीमागे अर्धी बाटलीसुद्धा पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण वाइनची जाहिरात करणारे तो आवडीने पसरवतात. चुनखडीची चव मुळांवाटे द्राक्षात आणि द्राक्षातून पेल्यात उतरते, असं काही नसतं. दगड मुळांत विरघळून चवीला येत नाहीत. बोर्दो या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन-प्रदेशातल्या विद्यापीठातल्या जेरार सेगँ यांनी तिथल्या मेदोक भागाच्या मातीवर अनेक वर्षं काम करून दाखवलं, की मातीत कुठली खनिजं आहेत यापेक्षा ती पाणी कसं देते हे जास्त महत्त्वाचं आहे. बेताचं पाणी, तेही सावकाश, आणि घड पिकायच्या सुमाराला थोडा ताण, अशी जमीन उत्तम. ती खडेवजाच असली पाहिजे असंही नाही. बोर्दोतल्या पेत्र्युसची प्रसिद्ध बाग, जेमतेम साडेअकरा हेक्टरची, चक्क निळसर चिकण मातीवर उभी आहे. ती माती ओली झाली की फुगते आणि जास्तीचं पाणी आत शिरू देत नाही. उन्हाळ्यात मात्र साठवलेला ओलावा वेलीला पुरवून पुरवून देते.

पुन्हा वूजोकडे. शेजारच्या वोन-रोमाने गावात रस्त्यालगतच्या सपाट जमिनीला साध्या, गावाच्या नावाच्या वाइनचाच दर्जा आहे. वूजोत मात्र भिंत थेट रस्त्यापर्यंत येते, आणि 1937 मध्ये सरकारने भिंतीच्या आतल्या सगळ्याच जमिनीला ‘ग्राँ क्रू’ हा सर्वोच्च दर्जा देऊन टाकला. वरची खडकाळ आणि खालची चिबड, दोन्हीला एकच शिक्का. मातीने ठरवायचं ते इथे भिंतीने ठरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातच वाटण्या झाल्या. क्रांतीनंतरही बाग जवळपास शतकभर एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे अखंडच जात राहिली. 1889 मध्ये ती पहिल्यांदा अनेक खरेदीदारांत विभागली गेली. नेपोलियनच्या 1804च्या कायद्याने मुलांना वारसाहक्क समान, म्हणून पुढे प्रत्येक पिढीत तुकड्यांचे तुकडे पडत गेले. आपल्याकडे भाऊबंदकीत सातबाऱ्यावर नावांची रांग लागते, तसंच हे. कुणाच्या चार ओळी वर, कुणाच्या सहा खाली. कुणी स्वतः वाइन करतो, कुणी द्राक्षं व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. बाटलीवर सगळ्यांच्या ‘क्लो द वूजो’ हेच नाव.

बोर्दोत गणित उलटं आहे. तिथे 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून प्रतवारी लावली, आणि ती लावली शातोला, म्हणजे मालकीच्या घराण्याला, जमिनीला नाही. शातोने शेजारची बाग विकत घेतली तरी मानांकन तेच राहतं. पोइयाक गावातल्या शातो लाफीतचा एक तुकडा तर शेजारच्या सेंतस्तेफ गावात आहे, तरी त्याची द्राक्षं पोइयाकच्या नावाने विकायला मुभा आहे. पहिल्या प्रतीत एवढ्या वर्षांत एकच बढती झाली, 1973 मध्ये शातो मूतोंची. बोर्दोत घराण्याचं नाव विकलं जातं, बर्गंडीत शेताचं. युनेस्कोने 2015 मध्ये बर्गंडीतल्या अशा बाराशेहून अधिक नावाच्या शेतांना जागतिक वारशात घेतलं. तिथे त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात.

शेताचं नाव किती चढू शकतं ते वूजोपासून पायी जाण्याच्या अंतरावर दिसतं. रोमाने-काँती हे शेत 1.81 हेक्टरचं, म्हणजे साडेचार एकर, मालक एकच. 1760 मध्ये काँतीच्या राजपुत्राने ते विकत घेतलं, म्हणून नावात काँती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून पोखरल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचं कलम करण्याचा. आपल्याकडे खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांना तोंड द्यायला बागायतदार डॉगरिजचा खुंट लावतात, तोही अमेरिकनच. रोमाने-काँतीच्या मालकांनी मात्र कलमाला नकार देऊन जुन्या, स्वमूळ वेली 1945 पर्यंत औषधं देत जगवल्या. त्या वर्षी जेमतेम 600 बाटल्या निघाल्या आणि मग वेली उपटल्या. 1947 मध्ये कलमी लागवड झाली, पण नवी वाइन यायला 1952 उजाडलं. 1945ची एक बाटली 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात 5,58,000 डॉलरला गेली. एवढी किंमत चवीची असूच शकत नाही. ती दुर्मिळतेची आहे.

हवामान मात्र जुन्या प्रतवाऱ्या जुमानत नाही. एप्रिल 2021 मध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचं दहिवर पडलं, तेव्हा बर्गंडीच्या शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. थंड हवा जड असते, ती उताराच्या तळाशी साठते, म्हणून मार आधी खालच्या ओळींना बसतो. उन्हाळे तापत चालल्यावर तीच खालची, ओल धरणारी माती एखाद्या कोरड्या वर्षी वेलीला तारतेही.

म्हणून परदेशात किंवा विमानतळावरच्या दुकानात क्लो द वूजोची बाटली हाती आली, तर मोठ्या अक्षरातल्या नावाने आणि ‘ग्राँ क्रू’ने हुरळून जाऊ नका. त्याखाली बारीक अक्षरात उत्पादकाचं नाव असतं. आधी ते वाचा, आणि त्याच्या ओळी उतारावर कुठे आहेत हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर तेवढे पैसे मोजू नका.