रेहल घ्यावी तर लाकडाची

रमजान जवळ आला की घरोघरी आणि मशिदींत नव्या रेहली घेतल्या जातात. आजकाल आपला हात सहज प्लास्टिकच्या रेहलकडे जातो. ती स्वस्त असते, हलकी असते, धुताही येते. पण तिची बिजागरी तुटली की ती जोडता येत नाही. जिच्यावर कुरआन शरीफ ठेवले ती वस्तू कचऱ्यात टाकायला मन धजत नाही. मग तुटक्या रेहली माळ्यावर साठत जातात.

लाकडी रेहलची गोष्ट वेगळी. अस्सल रेहल एकाच फळीतून निघते. कारागीर फळीच्या जाडीत दोन्ही टोकांकडून चीर देतो आणि मधली जागा राखतो. तिथे एकमेकांत अडकणारे दाते कोरतो. फळी उघडली की दोन पाने तयार! खिळा नाही, सरस नाही. उत्तर प्रदेशातील सहारनपूर अशा लाकडी कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे शिसम आणि आंब्याचे लाकूड वापरतात. शिसमाचा गाभा टणक असतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही. आंबा स्वस्त, पण नीट वाळवलेला नसेल तर त्याला कीड लागते.

लाकूड पुन्हा उगवते हे खरे, पण आपोआप नाही. शिसमाचे झाड तयार व्हायला काही दशके लागतात. तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले, तरच ही दौलत पुढच्या पिढीला मिळेल. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो झाडाने हवेतून घेतलेला असतो आणि वस्तू टिकेल तोवर तिच्यातच राहतो. म्हणूनच लाकडाची वस्तू जितकी जास्त वर्षे वापरावी तितके चांगले.

तेव्हा नवी घेण्याआधी दादा-दादींची जुनी रेहल शोधू या. ओल्या फडक्याऐवजी कोरड्याने पुसू या, वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हलका हात देऊ या आणि पावसाळ्यात ती भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवू या. दाता तुटला तर गावातला सुतार तो बसवून देईल.

नवी घेतलीच, तर एक रोपही लावू या. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. रेहल घरात राहील, झाड दारात वाढेल आणि मुले दोन्ही सांभाळायला शिकतील, इन्शाअल्लाह.