दप्तर हलवितांना
अमेरिकेच्या संघीय कर-विभागाचें मुख्य दप्तर १९६० च्या दशकांत मेनफ्रेम नांवाच्या अवाढव्य संगणकावर चढलें. करदात्यांचा भरणा व परतावा त्यांत नोंदला जातो. त्याच्या आज्ञा असेंब्ली व कोबोल या भाषांत लिहिल्या गेल्या, आणि त्या लिहिणारी पिढी केव्हांच निवृत्त झाली.

मग असें दप्तर 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या संगणकगृहांत भाड्यानें मिळणाऱ्या यंत्रांवर, एका रात्रींत कां हलवूं नये? १७ एप्रिल २०१८ हा विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस. नेमकी त्याच दिवशीं यंत्रणा अडली; मुदत एक दिवस वाढवावी लागली. तो बिघाड यंत्रसामग्रीचा होता, स्थलांतराचा नव्हे. स्थलांतरच फसलें, तर परताव्यावर घरभाडें भागविणाऱ्या कुटुंबानें किती दिवस वाट पाहावी?

म्हणून असें काम तुकड्यातुकड्यांनीं करावें लागतें. जुन्या यंत्रापुढें दुभाष्याचें काम करणारी एक प्रणाली बसवितात. पत्ताबदलासारखें लहान काम नव्या जागीं नेलें, कीं तेवढीच मागणी ती तिकडे वळविते. नवें चुकलें तर पुन्हां जुन्याकडे. पैशाच्या हिशेबांत मात्र दोन्ही यंत्रें कांहीं काळ जोडीनें चालवून उत्तरें ताडून पाहतात, आणि तोंवर जुन्याचेंच उत्तर प्रमाण मानतात. तफावत निघाली म्हणजे नव्याचीच चूक असते असें नाहीं. पुष्कळदां फार वर्षांपूर्वीं घातलेला, कोठेंही न टिपलेला एखादा नियम, जसें सेंटाचा अंश कोठें सोडावा, उजेडांत येतो. तो उकलण्यांतच बराच काळ जातो. या कर-विभागानें २०१२ सालीं बहुतेक खात्यांची आठवड्यांतून एकदां होणारी नोंदणी रोज करण्यास आरंभ केला, तोही जुना गाभा जागीं ठेवूनच.