बसक्या भिंतीवरची कोरांटी

डोलवी हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. पोलादाचा मोठा कारखाना, पाळीला येणारी-जाणारी माणसे, एसटीची नाहीतर रिक्षाची वाट पाहणारे लोक. अशा गावात रस्त्यालगतच्या घराची पुढची भिंत बसकी असली, की तिच्यावर कुणीतरी टेकणारच. त्यात टेकणाऱ्याचा दोष नाही. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर असते. दीड-दोन फुटांची नऊ इंची भिंत आणि वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, म्हणजे आपणच रस्त्यावर बाक बांधून ठेवलेले असते. जुन्या कोकणी घराने ही गल्लत केली नव्हती. अडवायला अंगणाभोवती काट्याकुट्यांची वई असे आणि आल्यागेल्याला टेकायला ओटी-पडवी. बसक्या भिंतीने दोन्ही कामे एका जागी आणली. मग खिडकीशी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा, विड्यांची थोटके आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या घरच्यांच्या वाट्याला येतात. यावर भिंतीच्या माथ्यावर काचा रोवण्याचा उपाय केला जातो. पण अंधारात टेकलेला हात त्या काचेने फाटतो, आणि तो हात घरातल्याच पोराचाही असू शकतो. त्यापेक्षा भिंतीला तिची वई परत द्यावी. त्यासाठी झाड निवडताना मात्र काटा किती लांब आहे यापेक्षा फांद्या किती दाट आहेत, हे पाहावे.

वईची ताकद इतिहासानेही पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून शेकडो मैल लांबीचे जिवंत कुंपण वाढवले आणि 1879 मध्ये सोडून दिले. हेतू जुलमी होता, पण त्यातली लागवडीची शिकवण खरी आहे. करवंद, बोर, बाभूळ, निवडुंग यांपैकी जे ज्या मातीत तगले, ते तिथे वाढवले गेले. डोलवी ज्या पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात येते, तिथे हाच विचार आधी करावा लागतो. उन्हाळ्यात जमिनीखालचे पाणी वर ओढले जाऊन उडून जाते आणि मीठ मातीच्या तोंडाशी साचते. पावसाळ्यात तीच जागा दिवसेंदिवस चिंब राहते. नर्सरीतले नाजूक रोप या दोन्हींत टिकत नाही. म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूला फूटभर उंच वाफा करून त्यात गोडी माती आणि शेणखत भरावे, लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करावी आणि उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

आता झाड कोणते? शेर आणि निवडुंग कोकणातल्या कुंपणांना नवे नाहीत, पण त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. रस्त्याच्या कडेला ते नकोत. घायपाताच्या पानाचे टोक लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येते, त्यामुळे तेही बाद. घाणेरी तर आधीच रानभर माजली आहे. बोगनवेल खडतर जमिनीत जगते आणि सुंदर दिसते. पण तिचे लांब फुटवे पावसाळ्यात रस्त्यावर झेपावतात. ज्याला वरचेवर कात्री चालवणे जमेल, त्यानेच ती लावावी. करवंदीची जाळी उत्तम, फक्त तिला भरायला वर्षे लागतात आणि पाय सतत ओले राहिलेले तिला सोसत नाहीत. माझे मत कोरांटीला. ती जवळून पाहावी: समोरासमोर पाने, पानांच्या बेचक्यांत सुईसारखे बारीक काटे, आणि पावसाळा सरला की त्याच बेचक्यांत केशराची झाक असलेली पिवळी फुले. ती देवाला वाहता येतात. झुडूप दोन-चार फुटांत राहते आणि छाटले की अधिकच दाट होते. तिचा काटा बोचतो, पण काचेसारखा हात फाडत नाही. टेकू पाहणारा माणूस पटकन उठतो, एवढेच आपल्याला हवे आहे.

झुडपात साप येतील, ही कोकणातली नेहमीची आणि रास्त शंका. साप येतो तो उंदीर-बेडकांमागे आणि अडगळीच्या आसऱ्याने. म्हणून पावसाळ्यात आच्छादन काढून टाकावे, बुडाकडच्या फांद्या वीतभर उंचीपर्यंत छाटाव्यात आणि तिथे विटा-लाकडे रचू नयेत. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पाळी करून थकलेल्या माणसाला दोन मिनिटे टेकूही द्यायचे नाही का? या प्रश्नाला बगल देऊन लावलेली वई मला मान्य नाही. रोप भिंतीपासून वीतभर आत लावावे, फांद्या माथ्याच्या नऊ इंचांवर झुकू द्याव्यात, पण बाहेरच्या कडेपुढे एक काटाही जाऊ देऊ नये. रस्ता आपला नाही. आणि झोपायच्या खोलीपासून लांब, फाटकाच्या बाजूला, तीन-चार फूट भिंत मुद्दाम उघडी ठेवावी. तिथे करंज लावला तर खारी हवा त्याला बाधत नाही, आणि काही वर्षांत त्या उघड्या तुकड्यावर सावलीही पडते.