सहाव्या वर्षाची दाढ

आश्रमशाळेत मूल पहिलीला येतं ते सहाव्या वर्षी. नेमकी त्याच सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पाडता त्याची पहिली कायमची दाढ उगवते. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत, पोर धडगावकडच्या वसतिगृहात, कोण बघणार? शहाद्याला माझ्या दवाखान्यात ते येतं तेव्हा दहा-अकरा वर्षांचं झालेलं असतं, गाल टम्म सुजलेला. सोबतची मावशी म्हणते, "दुधाचीच असेल मॅडम, काढून टाका. दुसरी येईल." ती दुधाची नसते आणि दुसरी येणार नसते.

या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात. त्यांत बिस्किटाचा चोथा अडकतो, जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दाताचं कवच विरघळवतं. ही झीज लाळ भरून काढत असते, पण झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा मोलाचं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, सकाळी निष्ठेने ब्रश आणि रात्री जेवलं की आडवं. दाढ किडायच्या आत खाचा लेप लावून बुजवता येतात. सुई नाही, मशीन नाही, काही मिनिटांचं काम. तरी त्यासाठी मूल घेऊन क्वचितच कुणी येतं, कारण दुखत काहीच नसतं.

नंदुरबारात हे प्रकरण दाढेवर थांबत नाही, कारण इथे सिकलसेल आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आमच्या सगळ्याच समाजांत तो आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील अशा वेदना सुरू होतात. ते दुखणं उठायला निमित्त पुरतं: अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, अतिश्रम, नाहीतर जंतुसंसर्ग. दाढेच्या मुळाशी साचलेला पू हाही संसर्गच. बरं, अशा मुलाची दाढ काढणंही सरळ नसतं. आधी रक्त तपासा, भरपूर पाणी पाजा, त्याच्या डॉक्टरांशी बोला. सिकलसेलच्या मुलाला रात्रीचा ब्रश मी औषधाच्या गोळीइतकाच गंभीरपणे सांगते. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, गावोगाव रक्त तपासलं जातं, कार्डं मिळतात. शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीत किडलेले दातही आहेत. दोन्ही कागद एकाच मुलाचे. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

मोठी माणसं भेटतात ती होळीच्या आगेमागे, कामावरून परतल्यावर. बायकांची हिरडी बघितली की मशेरी ओळखू येते. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळायची. दात स्वच्छ होतात म्हणून सुरू होते आणि तिच्याशिवाय सकाळ होत नाही म्हणून चालू राहते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी तर घरच्या तव्यावरच होते, तिला कोण अडवणार? गरोदरपणी तिचा वाटा पोटातल्या बाळालाही जातो आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात ही बाब दातांच्या डॉक्टरने एकटीने सांगून भागत नाही, अंगणवाडीतही ती निघायला हवी. मधुमेहाचंही तसंच. हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात राहत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या भरून येत नाहीत.

वसतिगृहात शिबिराला गेले की अधीक्षकांना मी एकच गोष्ट मागते: रात्रीच्या जेवणानंतर मोरीपाशी रांग. नाव लिहिलेला ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. मग हमखास कुणीतरी विचारतं, "आणि कोळशाचं मंजन?" ते नको, कवच खरवडतं. दातवण? खुशाल करा. करंजाची काडी मला स्वतःलाही आवडते. पण ती सगळ्यात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसतं, तेव्हा दातवण सकाळी, ब्रश रात्री.