तोंडातले जंतू, छातीतला संसर्ग

• वाट: दातांवरच्या थरातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले, तर न्यूमोनिया होऊ शकतो. पक्षाघाताचे, बेशुद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांना धोका अधिक. त्यांना गिळता-खोकता नीट येत नाही.

• व्हेंटिलेटर न्यूमोनिया: श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर होणारा.

• पुरावा: जपानमधील ११ वृद्धाश्रमांत २ वर्षे, प्रत्येक जेवणानंतर दात घासून दिलेल्यांत न्यूमोनिया आणि त्याने होणारे मृत्यू कमी (१९९९).

• खापरमध्ये (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) घरी रुग्ण असेल तर: उशाकडून उंच करून मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासा. कवळी रात्री काढून धुवा. मिश्री नको, तिच्यात तंबाखू असतो.

• दवाखाना गाठा: ताप, धाप, छातीत दुखणे, अचानक बरळणे.