क्रोन डेन्मार्कचा, व्याजदर फ्रँकफर्टचा

डॅनिश मतदारांनी १९९२मध्ये मास्ट्रिख्ट करार निसटत्या मतांनी फेटाळला. युरोसह काही बाबींत सूट मिळाल्यावर वर्षभराने तो स्वीकारला. २०००च्या सार्वमतात युरोला पुन्हा नकार दिला. चलन मात्र बांधलेलंच राहिलं: एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन. हा दर टिकवायचा, तर फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर हलवला की कोपनहेगनलाही बहुधा हलवावाच लागतो. जानेवारी २०१५मध्ये स्वित्झर्लंडने आपल्या चलनाची युरोशी जोडलेली मर्यादा सोडली. आता डेन्मार्कची पाळी, असं समजून पैसा क्रोनकडे धावला. तो परतवायला डॅनिश मध्यवर्ती बँकेने ठेवींचा दर टप्प्याटप्प्याने उणे ०.७५ टक्क्यांवर नेला, सरकारी रोख्यांची विक्रीही काही काळ थांबली. म्हणजे बंधनं सगळी युरोवाल्यांची. फ्रँकफर्टच्या बैठकीत खुर्ची मात्र नाही! तरीही बांधलेला दर डेन्मार्कमध्ये फारसा वादाचा विषय नाही.